पार्ट विकत घेण्याआधी: गोव्याच्या हवेतली घरगुती दुरुस्ती

कुळागर

मोबाईल, नेकबँड, ट्रिमर, रिमोट, माऊस, ट्रान्झिस्टर अशा हातात मावणाऱ्या वस्तू घरी उघडून, बिघडलेला पार्ट बदलून पुन्हा वापरणारे इथे बरेच आहेत. पण प्रत्येकाची माहिती कुठल्यातरी भलत्याच धाग्याच्या तळाशी पडलेली असते. म्हणून हा एकत्र धागा.

माझं म्हणणं आधीच मांडतो, मग खुशाल वाद घाला. दुरुस्तीचे बरेचसे व्हिडिओ कोरड्या हवेच्या गावांत बनलेले असतात. त्यात वस्तू बंद पडली की पार्ट गेला असं धरतात, नवा पार्ट मागवतात, बसवतात, टाळ्या. आपल्याकडे, त्यातही बारदेस, तिसवाडी, मुरगाव, सासष्टीच्या किनारपट्टीत, पार्ट ठणठणीत असतो आणि त्याच्यापर्यंत वीज नेणारी वाट गंजलेली असते. हवेतलं मीठ धातूवर बसतं, ते ओलावा ओढून घेतं, आणि त्या पातळ खाऱ्या थरातून वीज वाहायला लागली की प्लस बाजूचा धातू हळूहळू विरघळतो. खात्री करायची तर जुन्या चार्जरला लावून भिंतीवर कायम लोंबकळत ठेवलेल्या केबलचं टाइप-सी टोक भिंगातून पाहा. ज्या पिनांवर पाच व्होल्ट येतात त्या आधी काळ्या पडलेल्या दिसतील. बाकीच्या पिवळ्याधमक.

तेव्हा माझा क्रम असा: साफ करा, मोजा, आणि मगच विकत घ्या. 'साफ करा' म्हणजे फुंकर मारणं नव्हे. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना मऊ टूथब्रश. करोनाच्या वेळचं सॅनिटायझर कपाटात उरलं असेल तर ते तिथेच राहू दे, त्यात पाणी असतं आणि बऱ्याचदा ग्लिसरीनही. ग्लिसरीन मागे राहतं आणि पुन्हा ओलावा धरतं, म्हणजे आपण गंजाला अंथरूण घालून दिलं.

'मोजा' म्हणजे मल्टिमीटर. साधा डिजिटल पुरतो. मोबाईल किंवा नेकबँडमधल्या लिथियम सेलवर पूर्ण चार्जला ४.२ व्होल्टच्या आसपास दिसतात (काही नव्या सेलवर थोडे जास्त), मधल्या स्थितीत ३.७, आणि ३ च्या खाली गेला की तो रिकामा. २.५ च्याही खाली जाऊन महिनोन् महिने पडून राहिला असेल तर त्याला जिवंत करायच्या फंदात पडू नये. आत तांबं विरघळून शॉर्ट होण्याची भीती असते.

स्क्रू ड्रायव्हरचा छोटा संच, प्लास्टिकची उचकटणी, चिमटा. एवढ्यावर पुष्कळ होतं. सोल्डरिंगचं, म्हणजे वितळवलेल्या मऊ धातूने तारा जोडण्याचं, पुढे बोलू.

अबोली_डिचोली

वाचनखूण साठवली. माझा प्रश्न लगेच: गळ्यात घालायचा नेकबँड आहे, ब्लूटूथचा. पूर्ण चार्ज दाखवतो आणि अर्ध्या तासात मान टाकतो. पोर्ट साफ केलं, फरक नाही. सेल गेला असेल ना? दुकानात विचारलं तर 'ह्याचे पार्ट येत नाहीत, नवीन घ्या' म्हणाले.

दर्यादेग

अबोली, हो, ही लक्षणं सेलचीच. पार्ट येत नाहीत हे अर्धसत्य आहे. कंपनीचा पार्ट येत नाही, पण आतला सेल कंपनीने कुठे बनवलेला असतो!

नेकबँडची जी बाजू जाड असते तिथे शिवण दिसेल. नखाने नको, गिटारच्या प्लास्टिकच्या चकतीने हळूहळू फिरव. उघडल्यावर चंदेरी पाकीट दिसेल, त्यावर सहा आकडे. समजा ४०१२३० लिहिलंय. पहिले दोन म्हणजे जाडी ४.० मिलिमीटर, मधले दोन रुंदी १२, शेवटचे दोन लांबी ३०. ह्या आकड्यांवर शोधलं की ऑनलाइन ढिगाने सेल मिळतात. लांबीरुंदीत एखादा मिलिमीटर कमी चालेल, जाडीत जास्त मुळीच चालणार नाही. कोंबून बसवलेला सेल पुढे जरा फुगला की त्याला जागा नाही, मग तो प्लास्टिकच फोडतो.

एमएएचच्या, म्हणजे सेल किती चार्ज साठवतो त्या, आकड्याला भुलू नको. तेवढ्याच मापात एक विक्रेता १५० म्हणतो, दुसरा ३००. माप तेच असेल तर दुसरा थापा मारतोय.

आता महत्त्वाचं. सेलच्या तोंडाशी पिवळ्या पट्टीखाली एक बारकी पाटी (सर्किट बोर्ड) असते, ती सेलला जास्त चार्ज आणि शॉर्टपासून वाचवणाऱ्या संरक्षण सर्किटची. नवा सेल पाटीसकटच घे. तारा दोन आहेत की तीन ते बघ. तिसरी असेल तर ती तापमान मोजणारी, आणि दोन तारांचा सेल तिथे चालणार नाही. जुना काढताना एका वेळी एकच तार काप, तिच्या टोकावर चिकटपट्टी लाव, मग दुसरी. कात्रीत दोन्ही तारा एकदम आल्या तर ठिणगी ठरलेली. लाल प्लस, काळी मायनस असं गृहीत धरू नको, मीटर लावून बघ.

म्हापशेकर_खरा

सगळं छान, पण मी थोडं थंड पाणी ओततो. नेकबँड ठीक आहे, मोबाईलचं काय? आजचा मोबाईल गोंदाने बंद केलेला. काच तापवा, ओढा, केबल तुटते, स्क्रीन जाते. दुकानात जे होतं ते अर्ध्या तासात होतं, वर त्यांची जबाबदारी. घरी करून चार पैसे वाचवायचे आणि हजारोंचा फोन घालवायचा, हा धंदा कोणी सांगितला?

आणि दुसरं, पाण्याचं. आयपी६८ लिहिलेला फोन एकदा उघडला की तो शिक्का फक्त खोक्यावर राहतो. आमच्याकडे लोक पावसात स्कूटरवर फोन हँडलला लावून फिरतात.

कुळागर

म्हापशेकर, दुसऱ्या मुद्द्यावर शंभर टक्के सहमत, आणि तो व्हिडिओवाले सांगत नाहीत म्हणूनच इथे ठळकपणे राहू दे. आयपीमधला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. दोन्ही त्या कडेच्या गोंदावर आणि रबरी पट्टीवर अवलंबून. कारखान्यातून निघाल्यावरही तो गोंद वर्षागणिक सैल होतो, मग फोन दुकानात उघडलेला असो नाहीतर घरी. बंद करताना त्या मॉडेलची कापलेली नवी गोंदपट्टी लावली तर बरंचसं संरक्षण परत येतं, पूर्ण येतं असं कोणीही छातीठोकपणे सांगू नये.

म्हणून गोव्यापुरता माझा नियम: मोबाईल उघडायचा तर पाऊस सरू दे. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. जुलैत उघडलात तर आतली दमट हवा तुम्ही स्वतःच्या हाताने कोंडून घालता. अडलंच असेल तर एसीच्या खोलीत.

पहिल्या मुद्द्यावर मात्र नाही. फोन-फोनात फरक आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनांमध्ये चार्जिंगची पिन मुख्य बोर्डावर नसते. खाली एक वेगळी छोटी पाटी असते, दुकानदार तिला चार्जिंग बोर्ड किंवा सीसी बोर्ड म्हणतात. पाठ उघडायची, काही स्क्रू, दोन दाबबटणासारखे कनेक्टर, जुनी पाटी बाहेर, नवी आत. सोल्डरिंग नाहीच. हे घरी करण्यासारखं आहे. पुढची काच बदलणं, तीही वाकडी काच, हे मी घरी करू नका म्हणेन. तिथे तुमचं खरं.

दर्यादेग

भर घालतो. मोबाईल असो, लॅपटॉप असो, उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं, आणि तो प्लास्टिकच्या पट्टीनेच. बाकी सगळं नंतर.

स्क्रू कागदावर मांडा. फोनची आकृती काढा, ज्या जागेचा स्क्रू त्या जागी दुहेरी चिकटपट्टीवर चिकटवा. हे टापटिपीसाठी सांगत नाही. एकाच फोनमध्ये स्क्रूंची लांबी मिलिमीटरच्या अंशाने वेगळी असते. लांब स्क्रू आखूड जागेत पिळला की तो बोर्डात घुसून आतल्या तारा कापतो. बाहेरून काहीच दिसत नाही आणि फोन कायमचा गप्प.

गोंद सुटत नसेल तर केस वाळवायचा ड्रायर कडेने फिरवा, बॅटरीवर रोखून धरू नका. बॅटरीखालचा गोंद कापायला धातूची पट्टी कधीच नाही. मी गरीची बारीक नायलॉन दोरी वापरतो, दोन टोकं बोटांना गुंडाळून करवतीसारखी ओढायची. गोव्यात ती कुठल्याही बाजारात मिळते, परदेशातून 'किट' मागवायची गरज नाही. काम सुरू करण्याआधी बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली उतरवून घ्या. भरलेली बॅटरी पेटली तर जास्त भडकते.

पाटोपूल

फुगलेली बॅटरी असेल तर? एका ग्रुपवर वाचलं की टाचणीने बारीक भोक पाडून गॅस काढला की पुन्हा सपाट होते. कोणी केलंय का?

दर्यादेग

नाही! हे वाचणाऱ्या कोणीही करू नका!

फुगते ती आतला द्रव विघटित होऊन वायू तयार झाल्यामुळे, म्हणजे सेल आधीच बाद झालाय. भोक पाडलंत की आतले थर एकमेकांना टेकून शॉर्ट होऊ शकतात, आणि मग आग. आग नाही लागली तरी आतल्या लिथियम क्षाराचा हवेतल्या ओलाव्याशी संबंध आला की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. तो फुप्फुसांना आणि डोळ्यांना घातक. आपल्याकडे हवेत ओलावा काय कमी आहे?

फुगलेली दिसली की फोन बंद. चार्जर लावायचा नाही, दाबायची नाही, वाकवायची नाही. कोरड्या वाळूच्या मातीच्या भांड्यात, घराबाहेर, सावलीत. आणि वाळू समुद्रावरून बादली भरून आणू नका रे, ती ओली आणि खारट असते. बांधकामाची सुकी वाळू घ्या.

पाटोपूल

बरं झालं विचारलं. देव बरें करूं.

माटोळी

माझा विषय जरा वेगळा. आमच्या भजनी मंडळाची इलेक्ट्रॉनिक श्रुती पेटी आहे. आवाजाचं बटण फिरवलं की खरखर, मध्येच आवाज एकदम वाढतो, मध्येच गुल. गेल्या चतुर्थीत आरतीच्या मध्यावर पंचम गायब झाला आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. पेटी जुनी आहे, पण सूर अजून सुरेख. नवी घ्यायला कोणाचं मन होत नाही. बटण बदलता येतं का? सेल घालायच्या कप्प्यातही पांढरं-हिरवं काहीतरी साचलंय.

कुळागर

माटोळीताई, हे तर अगदी ह्या धाग्याचंच काम. बटण म्हणजे वरची टोपी. त्याखाली असतो तो पोटेन्शिओमीटर, बाजारात 'पॉट' किंवा 'व्हॉल्यूम कंट्रोल' मागायचा. आत कार्बनचा अर्धगोल रस्ता असतो आणि त्यावर धातूची जीभ फिरते. रस्त्यावर मळ बसला की खरखर, रस्ताच झिजला की आवाज गायब.

पहिल्यांदा पेटीची पिन भिंतीतून काढा, सेल काढा. पेटी विजेवर चालणारी असेल तर आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या भागाला हात लावायचा नाही. मग इलेक्ट्रॉनिक कामाचा कॉन्टॅक्ट क्लीनर आणा आणि पॉटच्या पायांजवळच्या फटीतून थोडासा मारा. शाफ्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत पुष्कळदा फिरवा, सुकू द्या. गंजलेल्या बिजागरीला मारतात तो तेलाचा फवारा नको, त्याने आज आवाज सुधारतो आणि नंतर धूळ चिकटते.

एवढ्याने भागलं नाही तर बदला. जुन्याच्या अंगावर बी१०के किंवा ए५०के असं काहीतरी छापलेलं असतं. आकडा किलोओहमचा. अक्षर फार महत्त्वाचं: आपल्याकडे येणाऱ्या मालावर बहुधा बी म्हणजे सरळ चढणारा आणि ए म्हणजे कानाच्या सवयीप्रमाणे चढणारा, तो आवाजासाठी. ए च्या जागी बी लावलात तर सुरुवातीलाच आवाज उसळेल आणि पुढे बटण फिरवून फरक कळणार नाही. पाय मोजा. साध्याला तीन, फिरवून चालू-बंद करता येणाऱ्याला पाच. शाफ्ट गोल आहे, दातेरी आहे की एका बाजूने सपाट, ते बघा, नाहीतर तुमची जुनी टोपी बसणार नाही. सगळ्यात सोपं म्हणजे जुना पॉट खिशात घालून दुकानात जा.

कप्प्यातली पावडर अल्कलाइन सेल फुटल्याची. ती क्षारी असते, म्हणून कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, मग अल्कोहोलने पुसा, पूर्ण सुकवा. हातमोजे घाला. स्प्रिंग खाल्ली गेली असेल तर नवी स्प्रिंग मिळते. आणि कार्यक्रम संपला की सेल काढून ठेवायचे, चतुर्थी ते शिगमो आतच ठेवायचे नाहीत.

माटोळी

'व्हॉल्यूम कंट्रोल' मागायचा हे बरं सांगितलंत. मी 'बटण' मागितलं असतं आणि त्यांनी मला टोपी दिली असती. सोल्डरिंग मात्र मला जमणार नाही, पुतण्याला सांगते. तो बारावीला आहे, हाताला काम मिळेल.

शिमेंट_वास्को

पुतण्यासाठी: सोल्डरिंग गन नाही, २५ वॅटची पेन्सिलसारखी सोल्डरिंग आयर्न. गनने बारक्या पाटीवरची तांब्याची पट्टीच उचलून येते. ६०/४० ची (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) सोल्डरची तार घे, आत राळ असलेली. ती १९० अंशांच्या आसपास वितळते, बिनशिशाची २१७ च्या वर, म्हणून शिकणाऱ्याला पहिली सोपी. पण त्यात शिसं आहे. हात धुतल्याशिवाय खायचं नाही, घरात रांगतं मूल असेल तर कामाची जागा पुसून काढायची, पंखा धूर तोंडावर येणार नाही असा लावायचा.

जुने पाय सोडवायला तांब्याची विणलेली वात मिळते. आधी नवं सोल्डर थोडं लाव, मग वातीने ओढ. उलटं वाटेल, पण जुनं कोरडं सोल्डर नव्याच्या सोबतीने चटकन वितळतं.

म्हापशेकर_खरा

एवढं सगळं शिकण्यापेक्षा रेडिओ दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याला दोनशे रुपये दिले तर तोही जगेल.

शिमेंट_वास्को

असा म्हातारा कुठे उरलाय ते सांगा, मी स्वतः जातो. आमच्याकडच्या शेवटच्या रेडिओवाल्याच्या जागेत आता मोबाईलची कव्हरं विकतात.

म्हापशेकर_खरा

म्हापशात अजून आहे एक, शुक्रवारच्या बाजारातून आत शिरलं की. पत्ता इथे टाकत नाही, गर्दी झाली तर तो चिडेल. 🙂

तोणयाचो_तोणो

रिमोटबद्दल कोणीच बोललं नाही. आमच्या घरी टीव्हीचा रिमोट थापट्या खाऊन चालतो. सेल नवे घातले.

कुळागर

रिमोटचं पुढचं टोक मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकला तर डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड किरण सोडणारा एलईडी जिवंत आहे. काही फोनांच्या मागच्या कॅमेऱ्याला ते किरण अडवणारी गाळणी असते, तेव्हा सेल्फीच्या कॅमेऱ्यानेही बघा.

ठिपका बाकी सगळ्या बटणांना दिसतो आणि दोनचार बटणांनाच नाही, तर दोष बटणांखालच्या काळ्या रबरी गोळ्यांचा. रिमोट उघडा, रबराची चादर साबणाच्या पाण्याने धुवा, पाटी अल्कोहोलने पुसा. बहुतेक वेळा एवढंच लागतं, घरातल्या खोबरेल तेलाच्या बोटांची ती कमाई असते. तरी नाही चाललं तर चिकटवायच्या काळ्या वाहक गोळ्यांचं पाकीट मिळतं. सिगारेटच्या पाकिटातली चांदी चिकटवण्याची जुनी युक्तीही चालते, टिकत नाही एवढंच.

थापटल्यावर चालतो म्हणजे मात्र सेलच्या पट्ट्या सैल किंवा पाटीशी त्यांचा सांधा तडकलेला. तो सांधा पुन्हा तापवून थोडं सोल्डर द्यायचं.

अणसूर

माऊस एकदा दाबला की दोनदा क्लिक होतो. ऑफिसच्या फाइली आपोआप उघडतात. नवा घेऊ?

शिमेंट_वास्को

नको. आतला मायक्रोस्विच झिजलाय. तीन पायांचा चौकोनी ठोकळा, वर पांढरं किंवा लाल बोंड. डी२एफसी-एफ-७एन हा फार माऊसांमध्ये असतो, पण आपल्यावरचं छापील नाव वाचूनच मागवा. पार्ट हातात येईपर्यंत एक गंमत करता येते: बऱ्याच माऊसमध्ये डाव्या-उजव्या बटणांना एकाच प्रकारचा स्विच असतो. उजवा काढून डावीकडे, डावा उजवीकडे. उजवं बटण आपण कितीसं दाबतो!

अणसूर

हे भारी आहे.

कुडचडेची_सून

ट्रिमर आणि कानाचं यंत्र, दोन्ही विचारायचंय. ट्रिमर नवऱ्याचा, यंत्र सासऱ्यांचं. यंत्र पावसाळ्यात घुसमटल्यासारखं बोलतं म्हणतात.

दर्यादेग

ट्रिमरचा सेल बघा. १.२ व्होल्ट लिहिलं असेल तर निकेल-मेटल-हायड्राइड, ३.७ असेल तर लिथियम. एकाच्या जागी दुसरा कधीच नाही, चार्ज करणारं सर्किट वेगळं असतं. सेलला पत्र्याच्या पट्ट्या जोडलेल्या असतात, तर पट्ट्या लावलेलाच नवा सेल मागा. उघड्या सेलवर सोल्डरिंग करून तापवणं बरं नाही.

कानाच्या यंत्राचं बाकी कोणी सांगा, मला त्यातलं ठाऊक नाही.

अबोली_डिचोली

कानाचं मी सांगते, घरी आई वापरते. यंत्र उघडायचं नाही, पण त्याचे दोन भाग आपल्यालाच बदलायचे असतात.

एक म्हणजे मळाची जाळी. यंत्र घुसमटतं ते बहुधा तिच्यामुळे. पांढऱ्या दांडीचं पाकीट मिळतं, दांडीच्या एका टोकाने जुनी जाळी खेचायची, दुसऱ्या टोकावरची नवी दाबायची. जाळ्यांचे प्रकार वेगळे असतात, यंत्र दिलेल्या ठिकाणी विचारून घ्या.

दुसरं सेल. झिंक-एअर सेल हवेतल्या ऑक्सिजनवर चालतो. रंगीत कागद सोलला की लगेच कोंबायचा नाही, मिनिटभर हवेत ठेवायचा. पिवळा कागद १० नंबर, तपकिरी ३१२, नारिंगी १३, निळा ६७५. कागद परत चिकटवून सेल 'बंद' होत नाही, म्हणून सोललेला साठवू नका.

आणि रात्री सेलचं दार उघडं ठेवून यंत्र घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलसोबत. आमच्या घरी पावसाळ्यात ह्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. चार्ज होणारं यंत्र असेल तर ओलावा शोषणारी त्याची वेगळी डबी येते.

कुडचडेची_सून

जाळीचं आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं! दर वेळी 'सर्व्हिसिंग' म्हणून पैसे घेतात.

बेतूल_बोट

फोन समुद्रात पडला तर? आमच्यात हे नेहमीचं. सगळे तांदळात ठेवतात.

दर्यादेग

तांदळाने फोन सुकत नाही. पोर्टमध्ये भुकटी आणि पिष्ट जातं ते वेगळंच. अ‍ॅपलच्या मदतपानावरही तांदळात ठेवू नका असंच लिहिलंय.

गोडं पाणी आणि समुद्राचं पाणी ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक. खाऱ्या पाण्यात पडलेला फोन नुसता सुकवला तर पाणी उडतं, मीठ आत राहतं, आणि पुढच्या दमट दिवशी पुन्हा कामाला लागतं. म्हणून: ताबडतोब बंद, चार्जर नाही, चालतोय का म्हणून सुरू करून बघायचं नाही. उघडता येत असेल तर बॅटरी काढा, बोर्ड डिस्टिल्ड पाण्याने धुवा, मग ९९ टक्के अल्कोहोलने, ब्रशने कनेक्टर घासा, सुकवा. जमणार नसेल तर त्याच दिवशी दुकानात न्या आणि 'समुद्राच्या पाण्यात पडलाय' असं स्पष्ट सांगा. 'थोडं पाणी लागलं' सांगून स्वतःचंच नुकसान.

पाटोपूल

पार्ट आणायचे कुठून? पणजी-मडगावात मोबाईलचे मिळतात, बाकीचे नाही.

कुळागर

मोबाईलचे डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंग बोर्ड पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा इथे मिळतात. सुटे स्विच, पॉट, कनेक्टर, सेल हवे असतील तर ऑनलाइन, किंवा मुंबईला कोणी जाणार असेल तर लॅमिंग्टन रोड, पुण्याला तपकीर गल्ली. कोकणकन्येने सकाळी उतरून, खरेदी करून, रात्री परत निघणारे लोक मला माहीत आहेत. लिथियम सेल बरेच विक्रेते विमानाने पाठवत नाहीत, म्हणून उशीर होतो, घाई करून पत्र लिहू नका.

दुकानातली भाषाही समजून घ्या. 'ओरिजिनल' ह्या शब्दाला काही अर्थ उरलेला नाही. 'कॉपी' म्हणजे नक्कल, 'पुल' म्हणजे जुन्या फोनमधून काढलेला कंपनीचा पार्ट. डिस्प्लेच्या बाबतीत कधी कधी पुल हा नव्या नकलेपेक्षा चांगला असतो. बॅटरीच्या बाबतीत कधीच नाही, वापरलेली बॅटरी ती वापरलेलीच. बॅटरीवर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. तोही छापता येतो म्हणा, पण ज्याने तेवढंही छापलेलं नाही त्याच्याकडून घेण्यात अर्थ नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. कोणत्या कंपनीचे पार्ट, पुस्तिका, वॉरंटी ह्यांची माहिती कुठे मिळेल ते तिथे एकत्र पाहता येतं. आपल्याकडे ते अजून माहिती देण्यापुरतं आहे. युरोपात कायदाच आला, १८ फेब्रुवारी २०२७ पासून बहुतेक छोट्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-बसवता आली पाहिजे, काही अपवाद सोडून. त्यांच्यासाठी बनवलेल्या वस्तू आपल्याकडेही येतील तेव्हा आपलाही फायदा, असा माझा हिशेब.

म्हापशेकर_खरा

२०२७ चं नंतर बघू. काढलेल्या बॅटऱ्यांचं काय करता ते सांगा. पंचायतीच्या सुक्या कचऱ्याच्या पोत्यात टाकता ना सगळे?

शिमेंट_वास्को

टाकू नये. गाडीत दाबल्या गेल्या की पेट घेतात. बॅटरी कचऱ्याचे वेगळे नियम २०२२ मध्येच आले, बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. आपण करायचं ते एवढंच: दोन्ही टोकांवर चिकटपट्टी, प्रत्येक सेल वेगळा गुंडाळायचा, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यायचा. आणि तिथवर न्यायच्या आधी घरात ढीग करून ठेवायचा नाही.

तोणयाचो_तोणो

जाता जाता: मोबाईलचा अडॅप्टर फुटला तर तोही उघडायचा का?

दर्यादेग

नाही. २३० व्होल्ट आत गेल्यावर त्याचे सव्वातीनशे डीसी होतात आणि पिन काढल्यावरही आतला मोठा कपॅसिटर ते काही वेळ धरून ठेवू शकतो. अडॅप्टर बंद करताना इन्सुलेशन चुकलं तर तो झटका केबलवाटे कानाला लावलेल्या हेडफोनपर्यंत पोचतो. अडॅप्टर नवाच घ्या. ह्यावर चर्चा नको.

अबोली_डिचोली

नेकबँडचा सेल आला. ४०१२३० मिळाला नाही, ४०१०३० घेतला, जागा सैल आहे म्हणून फोमचा तुकडा घातला. तारा दोनच होत्या. भावाने सोल्डर करून दिला. दुपारपासून चालू आहे, अजून मान टाकलेली नाही. फक्त डाव्या कानात आवाज बारीक येतो. तो आधीपासूनच होता की आमच्या उचकटण्याने झाला, कळत नाही.

दर्यादेग

दोन्ही बाजू दुसऱ्या फोनला जोडून बघ आणि फोनच्या सेटिंगमध्ये डावा-उजवा तोल मध्यावर आहे का तेही. मग डाव्या कानाचं रबर काढ आणि जाळी उजेडात धर. पिवळी दिसली तर कानातला मळ. जाळी खाली तोंड करून सुक्या मऊ ब्रशने झाड, अल्कोहोल ओतू नकोस, मळ विरघळून आत पडद्यावर जाईल. जाळी स्वच्छ निघाली आणि तरीही आवाज बारीकच, तर डाव्या बाजूच्या तारा सेलच्या फोमखाली दबल्या आहेत का ते बघ. फोम केवढा जाड घातलास?

अबोली_डिचोली

जाळी पिवळीच होती, शी. झाडल्यावर दोन्हीकडे सारखा येतोय. फोम तीन मिलिमीटर आहे, काढून पातळ घालते.